पाठमोरी

नोकरीच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरने तिला मैदानाच्या कडेला चुन्याने आखलेल्या एका चौकोनात उभं केलं. पाठ मैदानाकडे, तोंड प्रेक्षकांकडे. सामना सुरू झाला की मागे वळून बघायचं नाही, हा एकच नियम त्याने तीनदा सांगितला. माणसं तिकीट काढून खेळ बघायला येतात, तिने त्या माणसांना बघायचं. कोण बाटली फेकायच्या बेतात आहे, कोण कठड्यावर पाय टाकतोय, उन्हाने कुणाला घेरी येतेय.

तिला ते काही अवघड वाटलं नाही. तेव्हा ती चौतिशीची होती. त्याआधीची अकरा वर्षं तिने बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून तुटकी बिस्किटं वेचली होती. हजारो सारख्या वस्तूंमधली एक वेगळी वस्तू चटकन टिपायची तिच्या डोळ्यांना सवयच लागली होती. कारखाना बंद पडला तेव्हा मैदानावर राखणदार बायका हव्यात ही बातमी भावोजींनी आणली. भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ती त्या दोघांजवळच राहायची. भावोजी रेल्वेत सिग्नलवर होते आणि गावच्या बेसबॉल संघावर त्यांचा जीव होता. मेव्हणीला आता बसल्या जागी सगळे सामने बघायला मिळणार म्हणून तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. तिची पाठ मैदानाकडे असते हे कळलं तेव्हा मात्र ते इतके हिरमुसले की ताईला त्यांची समजूत काढावी लागली. मिठाईच्या दुकानात तोंड बांधून बसवल्यासारखी ही नोकरी, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तिला काही हुकल्यासारखं वाटत नव्हतं. बेसबॉल तिला माहीत होता तो जेवणाच्या टेबलापुरता. भावोजींनी मीठदाणी, चमचे आणि लिंबू मांडून समजावलं होतं की एक जण चेंडू फेकतो, दुसरा बॅटने टोलवतो. तीनदा हुकला तर तो बाद. टोलवला तर चार कोपऱ्यांवर ठेवलेल्या चार पांढऱ्या गाद्यांना पाय लावत त्याने धावून परत यायचं. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर आरामात, मिरवत यायचं. यापुढचं त्यांनी सांगितलं होतं, पण लिंबू घरंगळून खाली गेलं आणि ताई रागावली, तिथेच शिकवणी संपली.

तिला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही माणसं इथे येतात का?

कारण संघ अगदीच सुमार होता. खालच्या फळीतला. रेडिओवर त्याच्या सामन्यांचं वर्णन होत नसे, टीव्हीवर तर प्रश्नच नव्हता. वर्षाकाठी जिंकलेले सामने एका दमात मोजून व्हायचे. तरी दर शनिवारी दुपारी तिच्या समोरचा पूर्वेचा सज्जा भरायचा, आणि भरायचा तोही त्याच त्या माणसांनी. मधोमध, तिच्या अगदी नजरेसमोर, चष्म्याचं दुकान चालवणारे एक आजोबा बसत. मांडीवर वही आणि कानावर पेन्सिल. प्रत्येक चेंडूला वहीत एक बारीक खूण. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. त्यांच्या मागे एक पोस्टमन. प्रत्येक चेंडू पडायच्या आधी त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली यायची, म्हणून तिने मनातल्या मनात त्याचं नाव आवंढा ठेवलं होतं. आणि उजव्या कोपऱ्यात बेकरीवाली. कोपरापर्यंत पीठ तसंच घेऊन आलेली. ती खेळाडूंशी असं बोलायची की जणू सगळे तिचे भाचे. 'अरे बाळा, डोळे उघडून बघ की,' हे तिचं ठरलेलं वाक्य.

या माणसांनीच तिला पाठमोरी हे नाव दिलं. वास्तविक त्यांच्याकडे तिचं तोंड असायचं, पाठ नव्हे. पण त्यांच्या हिशेबी जगाची समोरची बाजू म्हणजे मैदान. त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली बाई पाठमोरी नाही तर काय.

हळूहळू तिला न बघता खेळ दिसायला लागला. सगळ्यांच्या हनुवट्या एकदम वर गेल्या की चेंडू उंच उडाला. वर गेलेल्या हनुवट्या खाली येता येता ओठ मिटले की कुणीतरी झेलला. तोंडं उघडीच राहिली की भिंतीपलीकडे गेला. चष्मेवाल्यांची पेन्सिल वहीवर न टेकता हवेतच थांबली की पंचाने काहीतरी भलतंच सांगितलं. एकदा आजारपणामुळे भावोजींचा सामना चुकला. संध्याकाळी तिने त्यांना अख्खा सामना नुसत्या चेहऱ्यांवरून सांगितला आणि धावसंख्या बरोबर निघाली.

पण येतात का, हे काही कळेना. चेंडू फेकणारा तिथे शंभर पावलांवर. त्याच्या मनगटावर यांच्या ओरडण्याचा काय परिणाम होणार? बाराएक वर्षांत तिने हा प्रश्न जमेल त्याला विचारला. स्वभावच चौकस. बंद पेटी दिसली की आत काय आहे हे कळेपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं ताई म्हणायची.

भावोजींना प्रश्नाचा राग आला. "तू आजारी माणसाला भेटायला जातेस," ते म्हणाले, "तेव्हा तुझ्या जाण्याने ताप उतरतो का?" तिने जरा विचार करून सांगितलं की कधीकधी उतरतो. त्यावर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आवंढ्याने सांगितलं की तो एकदाच आला नव्हता, बहिणीच्या लग्नाला गेला होता, आणि नेमका त्याच दिवशी संघ जिंकला. पुढचं वर्षभर त्याला झोप लागत नव्हती. आपण अपशकुनी आहोत की काय, या धास्तीने तो घरी बसायचा ठरवायचा आणि शनिवार उजाडला की पाय आपोआप मैदानाची वाट धरायचे.

चष्मेवाल्यांचं उत्तर तिला सगळ्यात आवडलं. त्यांच्याकडे बेचाळीस वह्या होत्या. सज्जा भरलेला असताना संघ कसा खेळला आणि पावसापाण्याने रिकामा असताना कसा, हे त्यांना सहज काढता आलं असतं. तिने विचारलं, काढलं का नाही? त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि म्हणाले, "बाई, फरक पडत नाही असं निघालं तर? मग मी शनिवारी करू काय?"

तिच्या नोकरीच्या बाराव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, इमारतींची तपासणी करणारे एक अधिकारी आले आणि सज्ज्याच्या छपरात त्यांना बोटभर रुंद तडा सापडला. छप्पर दुरुस्त होईस्तोवर एकाही माणसाला आत सोडायचं नाही असा हुकूम निघाला. सामने पुढे ढकलणं शक्य नव्हतं, बाहेरगावचे संघ ठरल्या तारखेला येणारच होते. म्हणून तीन सामने रिकाम्या मैदानात खेळायचं ठरलं.

राखणदारांना सुट्टी मिळेल असं तिला वाटलं होतं. पण सुपरवायझर बिनप्रेक्षकांच्या सामन्यालाही नियमाने माणसं नेमणारा होता. तिला मागच्या फाटकावर टाकलं. मैदानाच्या टोकाला दोन पुरुष उंचीची भिंत, तिच्यात लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या बाजूला उभं राहायला लाकडी चौथरा. चौथऱ्यावर उभं राहिलं की भिंतीच्या वरून पलीकडची गल्ली दिसे. कुणी भिंत चढून आत येऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं. तोंड गल्लीकडे, पाठ मैदानाकडे. म्हणजे नेहमीचंच.

शनिवारी दुपारी ती चौथऱ्यावर चढली आणि पाहते तर गल्ली माणसांनी भरलेली. आत सोडणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. भिंतीपलीकडचं काही दिसणार नव्हतं. तरी आली होती. बेकरीवालीने पाव ठेवायचे रिकामे खोके उलटे करून बसायला दिले होते. चष्मेवाले त्यातल्याच एकावर बसले होते, वही मांडीवर, पेन्सिल कानावर. भावोजीही होते. मेव्हणी कामावर असताना ओळख दाखवायची नाही हा त्यांचा शिरस्ता, म्हणून ते दुसरीकडेच बघत होते.

सामना सुरू झाला. आणि तिला पहिल्यांदाच खेळ ऐकू आला. इतकी वर्षं पाठीमागचं सगळं समोरच्या गलक्यात बुडून जायचं. आता चामड्याच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा थप्प आवाज आला, कुणीतरी खोकलं, कुणीतरी दुसऱ्याला 'डावीकडे सर' म्हणालं. एवढ्या मोठ्या मैदानात वीस-बावीस माणसं घर हलवताना सामान उचलावं तशी खेळत होती. आपापलं, मुकाट्याने.

गल्लीतून आवंढ्याने विचारलं, "बाई, काय झालं?"

तिने सांगितलं की तिला मागे बघायची परवानगी नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी वाद घातला नाही. पुन्हा थप्प आवाज झाला. शंभर-सव्वाशे चेहरे वर तिच्याकडे बघत होते. बारा वर्षं हे चेहरे तिला सांगत आले होते की मागे काय घडलं. आज पहिल्यांदा ते तिलाच विचारत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. भावोजीसुद्धा आता तिच्याकडेच बघत होते. असं तोंड त्यांनी ताईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर केलं होतं.

मग बॅटचा खणखणीत आवाज आला, कुणीतरी धावत सुटल्याचा आला, आणि ती वळली.

ऊन, पिवळट गवत, पांढरे कपडे. कोण कुठल्या संघाचा हेही तिला उमजेना. खालून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. कितवा चेंडू, गाद्यांवर किती जण, बाद कोण झालं? तिला यातलं एकही सांगता येईना. तिला माणसं दिसत होती, खेळ दिसत नव्हता. शेवटी तिला जे येत होतं ते तिने केलं. चेहरे बघितले. त्यातला एक ओळखीचा निघाला, सामन्याआधी फाटकातून आत येताना दर वेळी दिसणारा.

"आपला उंच पोरगा," ती म्हणाली, "तो चेंडू फेकणारा. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. दूध नासल्यावर करतात तसं तोंड केलंय."

मग चष्मेवाले हळूच म्हणाले, "गेला. समोरच्याने टोलवला. एक जण पहिल्या गादीवर असणार, बघा बरं." तिने बघितलं. खरंच होता.

तिथून पुढे त्यांचं सूत जमलं. ती चेहरे सांगायची, चष्मेवाले त्यावरून खेळ ओळखायचे, आवंढा मागच्यांना ओरडून सांगायचा. कुणी गुडघ्यावर हात टेकून वाकलाय, कुणी आभाळाकडे बघून हसतोय, पंचाने असा हात केला. ती हात करून दाखवायची आणि खाली एकच हशा पिकायचा. थोड्या वेळाने ती चेंडू पडायच्या आधीच सांगायला लागली. "हा आता हुकणार." आणि तो हुकायचा. हे कसं कळतं, असं बेकरीवालीने विचारलं. घाबरलेला माणूस कसा दिसतो, उसनं अवसान आणलेला कसा दिसतो, हे बारा वर्षं दर शनिवारी समोर बघितलेलं. बॅट हातात असली म्हणून माणसाचं तोंड थोडंच बदलतं?

शेवटच्या डावात आपल्या संघातला एक बुटका, जाडसर खेळाडू बॅट घेऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि थांबली. खालून विचारणा झाली. ती म्हणाली, याच्या तोंडावर काहीच नाही. घाबरलेला नाही, हसत नाही. गाढ झोपेतून उठलेल्या माणसासारखा आहे. चष्मेवाल्यांनी वहीतून मान वर काढली.

चेंडू आला, बॅट फिरली, आणि काय होतंय हे तिला कळायच्या आत चेंडू तिच्या डोक्यावरून सूं करत गेला. मागे गल्लीत खोक्यावर आपटल्याचा आवाज झाला. मग जो आरडाओरडा उठला तो भिंत ओलांडून आत शिरला.

ती मैदानाकडे तोंड करून उभी होती, म्हणून तिला दिसलं. आतली सगळी माणसं थबकली. आपलीही, बाहेरगावचीही. सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. बुटका धावता धावता दुसऱ्या गादीपाशी थांबलाच, मग कुणीतरी हाक मारल्यावर पुन्हा पळायला लागला. आणि त्यांचे चेहरे... तिने ते नंतर ताईला सांगायचा खूप प्रयत्न केला. परगावी रस्ता चुकलेल्या माणसाला अचानक कुणी आपल्या बोलीत हाक मारावी, तसं काहीसं. बाकावर बसलेले खेळाडू उभे राहिले. उंच पोरगा भिंतीच्या दिशेने चार पावलं चालत आला आणि पलीकडचे आपल्याला दिसत नाहीत हे माहीत असूनही त्याने टोपी काढून हलवली.

खेळाने या लोकांचं काय होतं हे तिने पोटभर पाहिलं होतं. या लोकांनी खेळाचं काय होतं, हे तिने त्या दिवशी पाहिलं. आजवर आपण अर्धीच गोष्ट बघत होतो, असं तिला वाटलं.

सामना मात्र संघ हरलाच.

सोमवारी सुपरवायझरने तिला बोलावलं. भिंतीवर कुणी चढलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं, तरी नियम तो नियम. तिने नियम मोडल्याचं कबूल केलं. तिच्या हातात ताकीदपत्र पडलं. पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल असं त्यात लिहिलं होतं. संघाच्या व्यवस्थापकांना मात्र गल्लीतली गर्दी आवडली होती. पुढच्या शनिवारी त्यांनी चौथऱ्यावर धावफलक सांभाळणाऱ्या गृहस्थांना कर्णा देऊन उभं केलं आणि तिला खाली फाटकाशी ठेवलं. गृहस्थ जाणकार. कितवा चेंडू, कितवा डाव, सगळं बिनचूक सांगत. पण दुसऱ्या डावातच गल्लीत चुळबुळ सुरू झाली. बेकरीवालीने कंबरेवर हात ठेवून विचारलं, ते सगळं ठीक आहे हो, पण पोराचं तोंड कसं झालंय? गृहस्थांनी कर्ण्यातून सांगितलं की चेहऱ्यांची नोंद ठेवायची पद्धत नाही. त्यानंतर त्यांचं कुणी ऐकेना.

डाव बदलताना सुपरवायझर स्वतः आला. घामाने डबडबलेला. त्याने खिशातून कागद काढला, तिथेच भिंतीवर टेकवून काहीतरी लिहिलं आणि तिला दिलं. सामना चालू असताना मागे वळून पाहण्यास हरकत नाही, आजपुरते व पुढील शनिवारपुरते. खाली सही आणि तारीख. तो नियमाचा माणूस होता, आणि नियम मोडायचा तर तोही नियमानेच.

त्या दिवशीही संघ हरला. तिसरा सामना जिंकला. कशाने जिंकला म्हणाल तर चष्मेवाल्यांच्या मते समोरच्या संघाचा चांगला फेकणारा आजारी होता.

तिसऱ्या सामन्यानंतर ती फाटकाला कुलूप घालत होती तेव्हा तो उंच पोरगा नळावर तोंड धुवायला आला. चौथऱ्यावरच्या बाई त्या तुम्हीच का, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली आणि संधी साधून आपला जुना प्रश्न त्यालाच टाकला. या लोकांच्या ओरडण्याने तुमच्या हाताला काही होतं का?

त्याने ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्यांचा रागच येतो, तो म्हणाला. कुणी आईवरून शिव्या देतं, कुणी भाच्यासारखं समजावतं. पहिल्या रिकाम्या सामन्याच्या आधी त्याला वाटलं होतं, आज निवांत खेळता येईल.

"मग?"

"मग काही नाही, बाई. चुकलो तर चुकलो. कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या डावापासून मला कळेचना की मी फेकतोय कशाला." त्याने नळ बंद केला. "ते असले की माझ्या चुकीने कुणाची तरी दुपार वाया जाते. ते नसले की नुसता चेंडू इकडून तिकडे."

तिने ते शब्द न् शब्द लक्षात ठेवून संध्याकाळी भावोजींना सांगितले. भावोजी म्हणाले, पोराने पहिल्यांदाच नेम धरून काहीतरी टाकलं.

छप्पर दुरुस्त झालं. माणसं सज्ज्यात परतली, ती चुन्याच्या चौकोनात परतली. पाठ मैदानाकडे, तोंड लोकांकडे. पण आता तिला नवीनच खोड लागली. रविवारी सुट्टी असायची. ती शहरात जिथे कुठे कसले सामने, शर्यती असतील तिथे जायला लागली. खेळ बघायला नव्हे, बघणारे बघायला. सायकलींच्या शर्यतीला ती घाटात जाऊन उभी राहिली. तिथे माणसं पहाटेपासून खुर्च्या टाकून बसली होती. सायकली आल्या आणि तेरा-चौदा सेकंदांत गेल्या. माणसं तृप्त होऊन खुर्च्या मिटायला लागली. पोहण्याच्या शर्यतीत लोक घसा फोडून ओरडत होते आणि ज्यांच्यासाठी ओरडत होते त्यांची डोकी पाण्याखाली. बुद्धिबळाच्या सामन्यात एका बाईंना शिंक आली, ती त्यांनी अशी काही दाबली की डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्याने कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं. ताईला तिने हे सगळं रंगवून सांगितलं. शिलाईचं मशीन थांबवून ताईने एवढंच विचारलं, तू स्वतः कधी ओरडलीस का गं? ती म्हणाली, छे. मी कामावर असते. रविवारी कसलं काम, असं ताई म्हणाली आणि पुन्हा पॅडल मारायला लागली.

पानं गळायला लागली तेव्हा एका रविवारी नदीकाठच्या रस्त्यावर चालण्याची शर्यत होती. चालण्याची म्हणजे खरंच चालण्याची, पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. ती शेवटच्या वळणावर झाडाखाली उभी राहिली. पुढचे चालणारे आले, नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या. मधले आले. मग बराच वेळ कुणी आलं नाही. नातेवाईक पांगले. रस्त्यावरच्या दोऱ्या सोडवायला माणसं आली. तीही निघणार, एवढ्यात वळणावर एक माणूस दिसला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कंबर लचकावत, दात आवळून येत होता. अंगावरचा आकडा लिहिलेला कापडी तुकडा घामाने सुटून लोंबत होता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. असे चेहरे तिने खूप बघितले होते. हा आता थांबणार, हे तिला कळलं. बहुधा पुढच्या दिव्याच्या खांबापाशी.

आसपास कुणीही नव्हतं. नंतर तिने ताईला शपथेवर सांगितलं की आपण काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आवाज निघाला. चिरका, फाटका, गंजलेलं फाटक उघडावं तसा.

"चला! चला, अजून थोडंच राहिलंय!"

चालणाऱ्याने दचकून मागे वळून बघितलं. मागे कुणी आहे की काय, या शंकेने. कुणी नव्हतं. मग त्याने तिच्याकडे बघितलं, चालता चालताच.

"तुम्ही मला ओळखता का?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली.

त्याच्या कपाळावर आठी पडली. मोठा विचार पडल्यासारखी. त्या विचारातच तो दिव्याचा खांब ओलांडून गेला. पुढे त्याची चाल वाढली का, हे ती अगदी डोळे बारीक करून बघत राहिली. वाढल्यासारखी वाटली, पण छातीठोक सांगता आलं नसतं. दोऱ्या गुंडाळणारे हातातलं काम थांबवून बघत होते. तिने पर्स काखेला मारली आणि तीही रस्त्याच्या कडेने त्याच्या मागोमाग निघाली, तो शेवटपर्यंत जातो का हे बघायला. जरा अंतर ठेवून, आणि मधूनमधून ओरडत.